दुसरा फोन

लिफ्टचं दार मिटता मिटता मध्ये एक हात आला आणि हातामागून मोठे सर्जन आत शिरले, तेव्हा तिने सवयीने थोडं अंग चोरलं. सकाळची वेळ, लिफ्टमध्ये दोघंच. एरवी हे गृहस्थ लिफ्टमध्ये कुणाशी बोलत नसत. वर सरकणारे मजल्यांचे आकडे पेशंटची नाडी मोजावी तसे बघत उभे राहत. आजही नजर आकड्यांवरच होती, पण ते बोलले. "बरं झालं भेटलात. एक विचारायचं कधीचं राहून जातंय. तुमच्या खोलीतून मला नेहमी दोन-दोन फोन का येतात हो?" तिला वाटलं, तक्रार आहे. "दोन?" "दोन. आधी एक येतो. कधी सिस्टरांचा, कधी त्या चष्मेवाल्याचा. पेशंट कोण, काय होतंय, सगळं नीट सांगतात, मी हो म्हणतो. की पाठोपाठ तुमचा. मी पुन्हा हो म्हणतो. नियम असेल म्हणा. एवढ्या मोठ्या ठिकाणी एका कामाला दोन फोन लागायचेच. पण म्हटलं, एकदा विचारावं." ती म्हणाली, "हो, नियमच आहे तसा." "वाटलंच मला," ते समाधानाने म्हणाले, आणि चौथ्या मजल्यावर उतरून गेले. दार मिटलं. आपल्या मजल्याचं बटण दाबायचं असतं हेच तिच्या लक्षात राहिलं नाही.

लिफ्ट खालून कुणीतरी बोलावली होती, ती तिला घेऊन थेट तळघरात गेली. दार उघडलं तर समोर धुलाईची खोली. ओल्या वाफेचा आणि इस्त्रीचा वास. दोन बायका एका चादरीची दोन-दोन टोकं धरून उभ्या होत्या. चादर ताणायच्या, झटकायच्या, एकमेकींकडे चालत यायच्या, टोकाला टोक भिडवायच्या, पुन्हा मागे जायच्या. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, चुकलात काय?" "हो," ती म्हणाली, "चुकले." इतकं सरळ उत्तर तिने बऱ्याच दिवसांत कुणाला दिलं नव्हतं. मग ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली, जणू चादरी मोजायलाच आली आहे. तिच्या तळपायांपासून काहीतरी गरम वर चढत होतं. गुडघे, पोट, गळा, आणि आता कानांच्या पाळ्या. नवा कपडा घालून दिवसभर लग्नात मिरवावं, सगळ्यांशी हसून बोलावं, आणि घरी आल्यावर आरशात दिसावं की किमतीची चिठ्ठी पाठीवर तशीच लटकते आहे, तसं. पण नाही, तसंही नाही. चिठ्ठी लटकताना लोकांनी बघितली आणि ते हसले, तर माणूस रागावून मोकळं होतं. इथे कुणीतरी दिवसभर तिच्या मागेमागे चाललं होतं, इतरांना चिठ्ठी दिसू नये म्हणून.

पहिला फोन. म्हणजे ज्या फोनला ती एकुलता एक समजत होती, तो दुसरा होता.

हे हॉस्पिटल म्हणजे एक गावच होतं. सहा इमारती, त्यांना जोडणारे पूल, आणि प्रत्येक वॉर्डाचं स्वतंत्र राज्य. पूर्वी इथे बेड लपवून ठेवत. पाहुणे आले की चांगल्या बशा कपाटात सारणारी माणसं असतात ना, तसं. खाली अपघात विभागात म्हातारी माणसं स्ट्रेचरवर दिवस-दिवस पडलेली, आणि वर ताठ चादरी घातलेले रिकामे बेड 'कुणीतरी येणार आहे' म्हणून राखलेले. प्रत्येक वॉर्ड आपल्या जागी बरोबर, आणि सगळे मिळून चूक. वरच्यांनी समित्या नेमल्या, समित्यांनी उपसमित्या. शेवटी वैतागून हे काम तिच्या गळ्यात मारलं, कारण ती कुठल्याच वॉर्डाची नव्हती. ऑफिसातली, मधल्या वयाची, नुसतीच हुशार म्हणून ओळखली जाणारी बाई. तिने एक जुनी एक्सरे फिल्मची खोली मागून घेतली. एका वॉर्डातून एक सिस्टर उसनी आणली, पायांच्या शिरा फुगलेली, तोंडाने फटकळ. कॉम्प्युटर विभागातून एक मुलगा आणला, जो कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता बोलायचा. त्याला सगळे चष्मा म्हणत आणि तोही हाकेला ओ द्यायचा. स्ट्रेचर ओढणाऱ्यांचा मुकादम आणला, ज्याला हॉस्पिटलचा प्रत्येक उतार पाठ आणि प्रत्येक बढतीचा राग. आणि सांगितलं, इथे कुणाचं काम कुणाचं नाही. सोमवारी खुर्च्या बदलायच्या. सिस्टरने कॉम्प्युटर शिकायचा, चष्म्याने स्ट्रेचर ओढायचं, मुकादमाने नातेवाइकांशी बोलायचं. पहिल्या महिन्यात सगळे तिच्यावर डाफरले. मुकादम म्हणाला, "मॅडम, मी नातेवाइकांशी बोललो तर पेशंटच्या आधी तेच आडवे होतील." पण बोलला. बोलता बोलता त्याचा आवाज असा काही मऊ झाला की घरी बायकोने विचारलं म्हणे, बरं नाही का तुम्हाला. चष्मा दिवसभर स्ट्रेचर ओढून आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने पडद्यावरचा नकाशाच बदलला, कारण जवळचा वाटणारा पूल चढाचा होता. एक आजारी पडला तर दुसरा त्याच्या खुर्चीत बसायचा, आणि खालच्या स्ट्रेचरवरच्या माणसाला कळायचंही नाही. तिचं एक घरगुती वाक्य होतं, तेच पुढे सगळीकडे गेलं: माणूस आडवं झालं तरी काम उभं राहिलं पाहिजे. दुसऱ्या हॉस्पिटलांतून लोक बघायला यायचे. ती फळ्यावर गोल काढून दाखवायची, गोलाला मध्य नाही हे बोटाने फिरवून दाखवायची. लोक लिहून घ्यायचे.

फक्त मोठ्या सर्जनांचे बेड तेवढे गोलाच्या बाहेर राहिले होते. ते तिने ठेवले होते.

म्हणजे ठरवून नव्हे. ठरवून माणूस काहीच करत नाही, असं तिला आता तळघरात चादरी बघताना वाटलं, आणि लगेच हेही वाटलं की ही पळवाट आहे. सुरुवातीच्या दिवसांत हे सर्जन बेडच देत नसत. सिस्टरला त्यांनी फोनवर झापलं होतं, चष्म्याचा फोन आपटला होता. मग ती स्वतः त्यांच्या खोलीत जाऊन बसली. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "तुमची माणसं विचारतात, किती बेड रिकामे? मी काय लॉज चालवतो? आधी पेशंट सांगा. कोण आहे, किती वेळ पडून आहे, कुठे दुखतंय. बेड मी शोधीन. आणि कुणीही विचारा, मला सगळे सारखे." एवढंच होतं गुपित. दोन वाक्यांचं. ती जिना उतरताना घोकत होती, आता खोलीत जाऊन सगळ्यांना सांगायचं. दारातच मुकादम भेटला. "दिले बेड? हेडमास्तरांनी? काय जादू केलीत मॅडम!" जादू हा शब्द तिच्या जिभेवर खडीसाखरेसारखा विरघळला. आयुष्यात तिला मेहनती म्हणाले होते, व्यवस्थित म्हणाले होते, एका काकांनी तर 'मुलगी रूपाने बेताची पण कामाला वाघ' असंही म्हटलं होतं. जादू कुणी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "आहे आपलं." आणि थोड्या वेळाने, "ते फक्त माझ्याशीच बोलतात. त्यांचा फोन माझ्यावर सोडा." उद्या सांगू, असं तेव्हा मनात होतं. उद्या काय, कधीही सांगता येतं. मग सांगायला उशीर झाला, मग इतका उशीर झाला की सांगणंच चमत्कारिक दिसलं असतं.

आणि मग ते फोन. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेली असताना, भाचीच्या लग्नात, बँकेच्या रांगेत. "मॅडम, सर्जनसाहेबांकडे एक बेड हवा होता, तेवढं जरा बोलता का?" आजूबाजूच्यांकडे बघून ती डोळे फिरवायची. काय करणार, माझ्यावाचून पानच हलत नाही तिथलं. आवाजात कंटाळा आणायची. तो कंटाळा किती प्रेमाने आणायची! मग बाजूला जाऊन सर्जनांना फोन लावायची, आणि ते पहिल्या वाक्याला हो म्हणायचे. पहिल्या वाक्याला. तिला वाटायचं, आपलं वजन. आज सकाळपर्यंत वाटत होतं.

"मॅडम, चादरी हव्यात का?" धुलाईवाली म्हणाली. घडी घातलेल्या चादरींचा ढीग तिच्या छातीइतका उंच झाला होता. "नको," ती म्हणाली आणि जिन्याने वर निघाली. लिफ्टमध्ये पुन्हा कुणी भेटलं असतं तर तिला सोसलं नसतं.

खोलीत शिरताना ती दारात थांबली. नेहमीचंच होतं सगळं. सिस्टर फुगलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून फोनवर कुणाची तरी हजेरी घेत होती. मुकादम पडद्यासमोर, एका बोटाने टाईप करत. या खोलीला खिडकी नव्हती, पण तिला इथे कधी कोंडल्यासारखं झालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आई गेल्यावर तर घरापेक्षा इथेच श्वास नीट यायचा. घरात ती आणि आई दोघीच होत्या, आणि मग एकटीच. घरी दिवा लावून बसलं तरी अंधारच वाटायचा. आज पहिल्यांदा तिला ही खोली कुणा दुसऱ्याच्या घरासारखी वाटली, जिथे आपण पाहुणे आहोत हे फक्त आपल्यालाच माहीत नव्हतं. "या मॅडम," सिस्टर फोनवर हात ठेवून म्हणाली, "आज दुपारी आपल्याला वर बोलावलंय ना? मी बरी दिसते का? की तोंड धुऊन येऊ?" "बऱ्या दिसता," ती म्हणाली. तिला सिस्टरकडे बघवेना.

कारण दुपारचं ते बोलावणं. गेल्या आठवड्यात संचालिकाबाईंनी तिला एकटीला बोलावून सांगितलं होतं की नव्या इमारतीत अशीच खोली उभी करायची आहे, मोठी, ती तुम्ही करा; इथलं सिस्टर बघतील. सिस्टरला बढती मिळेल. सिस्टर अजून वॉर्डाकडून उसनीच होती, आणि या महिनाअखेर ती उसनवारी संपत होती. बढती नाही तर परत वॉर्ड, परत रात्रपाळ्या, त्या पायांवर. हे सगळं तिला माहीत होतं. माहीत असून ती म्हणाली होती, "सिस्टर अजून तयार नाहीत. म्हणजे कामाला चोखच आहेत, पण मोठ्या सर्जनांचं एक कोडं आहे. ते माझ्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत. तेवढ्यासाठी तरी मी इथेच हवी." संचालिकाबाई म्हणाल्या, "मग पुढच्या आठवड्यात दोघी या, बघू." घरी जाताना बसमध्ये ती मनाशी म्हणाली होती, मी खोटं कुठे बोलले?

दुपारच्या आधी तिने ते डोळ्यांनी बघितलं. खालून निरोप आला: एक बाई, पोटदुखी, सकाळपासून स्ट्रेचरवर. चष्मा हळूच उठून बाहेर पॅसेजमध्ये गेला. पूर्वी ती समजायची, तो पाणी प्यायला जातो. आज दार किंचित उघडं होतं. भिंतीकडे तोंड करून, फोनभोवती हाताची ओंजळ करून तो बोलत होता. "...एकट्याच आल्यात सर. शाळेत शिकवतात. सकाळपासून आहेत, पण तक्रार करत नाहीत, म्हणून जास्त काळजी वाटते. ...हो सर. ...थँक्यू सर." डोळ्यांकडे न बघणारा हा मुलगा असं बोलायला कधी शिकला? कुणी शिकवलं? तो आत आला, चष्मा पुसला, आणि तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, सर्जनसाहेबांकडे एक बेड लागेल. तेवढं जरा बोलता का?" त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते हसू नव्हतं, छद्मीपणा नव्हता. लहान मुलाने आजीला सुईत दोरा ओवायला द्यावा, तशी काळजी होती. तिने रिसीव्हर उचलला. बोटांना नंबर पाठ होता. सर्जन म्हणाले, "हो हो, पाठवा त्या शिक्षिकाबाईंना." ती म्हणाली, "थँक्यू सर." आणि खोलीकडे वळून, नेहमीच्या त्या सुरात, "दिला बाबा एकदाचा." मुकादम म्हणाला, "तुमच्यावाचून नाही हो व्हायचं मॅडम." सिस्टर पडद्याकडे बघत राहिली. तिघंही इतकं सहज करत होते, इतकी सवय होती त्यांना, की तिला वाटलं, खरंच आपण एक उत्तम टीम उभी केली आहे. कुणी आजारी पडलं की बाकीचे त्याचं सावरून घेतात, आणि कळूही देत नाहीत. तिला हसू आलं नाही.

संचालिकाबाईंची खोली सगळ्यात वर, काचेची. दोघी शेजारी शेजारी बसल्या. सिस्टरने खरंच तोंड धुतलं होतं. कपाळाजवळचे केस ओले होते. संचालिकाबाई भल्या होत्या, पण त्यांना सगळं पटकन हवं असायचं. "तर सर्जनांचं ते कोडं," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, सिस्टर अजून तयार नाहीत." शेजारी सिस्टरचा श्वास जरासा थांबला. तेवढाच, जरासा. आता सांगायचं. जिना चढताना तिने वाक्य तयार केलं होतं: त्या कधीपासूनच हे काम करताहेत, मला माहीत नव्हतं, आणि मी त्यांना शिकवलंही नव्हतं. वाक्य तोंडाशी आलं. आणि दातांपाशी येऊन वळलं, जसं गल्लीत शिरलेलं माणूस ओळखीचं कुणी दिसलं की वळतं. "आता तयार आहेत," ती म्हणाली. "मी शिकवलं त्यांना." "अरे वा! कधी?" "याच आठवड्यात." तिलाच आपला आवाज लांबून ऐकू आला. संचालिकाबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. "जमतंय?" आणि सिस्टर, जिने वॉर्डात भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं होतं, जिला एक उत्तर दाबून ठेवणं कधी जमलं नव्हतं, ती म्हणाली, "हो. मॅडमनीच शिकवलं."

संचालिकाबाई खूश झाल्या. इतक्या की त्यांनी पेनचं टोपण लावलं. "एका आठवड्यात! हेच मी सगळ्यांना सांगते, शिकवणारा हवा. पण मग असं करू या, अजून कच्चं आहे ना हे. घाई नको. सहा महिने तुम्हीच इथे राहा. सिस्टर तोवर वॉर्डात जाऊन येतील, मग बघू. काय सिस्टर?" "चालेल," सिस्टर म्हणाली.

दोघी पुलावरून परत निघाल्या. खाली अँब्युलन्स येत-जात होत्या. सिस्टर नेहमीसारखी एक पाय जपून टाकत चालत होती, आणि ती तिच्या चालीशी चाल जुळवत होती. हेही कधी सुरू झालं तिला आठवेना. मधल्या बाकाशी सिस्टर थांबली. "जरा टेकते. शिरा बोंबलताहेत." ती शेजारी टेकली. मग म्हणाली, "कधीपासून?" "काय कधीपासून?" "पहिला फोन." सिस्टरने खालच्या अँब्युलन्सकडे बघितलं. "हेडमास्तर बोलले वाटतं. पोटात काही राहत नाही त्या माणसाच्या. लोकांची पोटं उघडता उघडता सवय लागली असेल." तीही हसली नाही, सिस्टरही नाही. मग सिस्टर म्हणाली, "तुमची आई गेली ना, त्या दिवशी. तुमचा फोन बंद. खाली एक म्हातारा, नुसता तळमळत होता. मी म्हटलं, गेला खड्ड्यात तो नियम, आणि लावला हेडमास्तरांना फोन. म्हटलं शिव्या घालेल, घालू दे. तो म्हणाला, पेशंट सांगा. मी सांगितला. तो म्हणाला, पाठवा. संपलं. मी रिसीव्हर ठेवून पाच मिनिटं नुसती बसले, मॅडम. एवढंच होतं?" "मग मला का नाही सांगितलं?" "सांगणारच होते. चांगली भांडणारच होते. तुम्ही परत आलात. खुर्चीत बसलात आणि टेबलावर हात ठेवून त्या हातांकडेच बघत होतात. कुणी काही विचारलं तर हो म्हणायचात. दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी बेड हवा होता, तर चष्मा म्हणाला, मॅडमना विचारू या का? मी म्हटलं, अरे, मिळालाय की. तो म्हणाला, मिळालाय, पण विचारू या. आणि विचारलं. तुम्ही फोन उचललात, ताठ बसलात, बोललात. त्यानंतर डबा खाल्लात." सिस्टरने पाय चोळला. "मग म्हटलं, राहू दे तेवढं. घरात कुणी नाही बाईच्या. एका फोनाने काय होतं?"

तो दिवस तिला आठवत होता. त्या फोननंतर ती जिन्यात जाऊन रडली होती, बरं वाटून. कुणाला तरी आपण हव्या आहोत म्हणून. आता ते रडणंसुद्धा तिच्या हातून गेलं. नाही, गेलं नाही. उलटून पुन्हा हातात आलं, दुसऱ्याच बाजूने.

कारण आईला ती घड्या घालायला द्यायची. शेवटच्या वर्षात आईला काही जमेना, आणि रिकाम्या हातांची आई भिंतीकडे बघत बसायची. ते तिला बघवायचं नाही. म्हणून ती आदल्या दिवशी घड्या घालून ठेवलेले टॉवेल, चादरी, परकर कपाटातून काढायची, आतल्या खोलीत नेऊन झटकून विस्कटायची, आणि ढीग आईच्या मांडीवर आणून टाकायची. "आई, केवढा पसारा पडलाय बघ. तुझ्यासारखी घडी मला नाही बाई जमत." आई खुलायची. टोकाला टोक, कडेला कड. "तुम्हा आजकालच्या मुलींना शिकवलंच नाही कुणी," म्हणायची. दुसऱ्या दिवशी त्याच घड्या, पुन्हा विस्कटून. तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायचं. हे सगळं तिने एका मैत्रिणीला फोनवर सांगितलंही होतं, बारीक आवाजात, दार लोटून, फोनभोवती हाताची ओंजळ करून. आणि एका दुपारी आईने शेवटचा टॉवेल ढिगावर ठेवला, वरून हात फिरवला, ढीग उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे. उलगड आता." तिला वाटलं होतं, म्हातारपण, बोलण्यात काहीतरी गडबडतंय. आईच्या तोंडावर तेव्हा एक हसू होतं. ते तिने बघितलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. आई रागावली नव्हती. रोज घड्या घालत राहिली, मुलीचं मन राहावं म्हणून. म्हणजे तिथेही तेच. ज्याला सांभाळत होती असं वाटत होतं, त्यानेच तिला सांभाळलं होतं.

"उठा," सिस्टर म्हणाली, "लोकांना वाटेल, दोन पेशंट बेडची वाट बघताहेत."

"सिस्टर, मी तुम्हाला तयार नाही म्हटलं."

"ऐकलं की मघाशी."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलू? आता सवय झालीय." मग सिस्टरचा आवाज जरा वर चढला, पहिल्यांदाच. "पण मॅडम, एक सांगते. फोनाचं ठीक होतं. पाय माझे आहेत."

खोलीत आल्या तेव्हा चष्मा दारातून आत शिरतच होता, फोन खिशात सरकवत. त्याने दोघींकडे बघितलं, नेहमीसारखं खांद्यांच्या उंचीवर, आणि तिच्या टेबलाशी आला. "मॅडम, अजून एक बेड लागेल. तेवढं जरा सर्जनसाहेबांशी—" तिने रिसीव्हर उचलला. त्यांना सगळ्यांना तिची बोटं दिसत होती, आणि बोटं सर्जनांचा नव्हे, वरच्या काचेच्या खोलीचा नंबर फिरवताहेत हे मुकादमाला आधी कळलं. त्याचं टाईप करणारं एक बोट हवेतच राहिलं. "मॅडम, मी बोलतेय. मघाशी एक खोटं बोलले. ...नाही, ऐकून घ्या, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. मी कुणाला काही शिकवलं नाही. सर्जनांशी कसं बोलायचं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. मुद्दाम. यांनी आपलं आपण शोधलं. दोन वर्षं करताहेत. ...हो, दोन वर्षं. ...मी तोवर काय करत होते? मी..." तिने खोलीकडे बघितलं. कान जळत होते, आणि लाज कमी होत नव्हती. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात ते कुणी न सांगितलेल्या माणसाने म्हटलं असणार. "मी दुसरा फोन करत होते. सिस्टरना परत वॉर्डात पाठवू नका. इथे कच्ची मीच आहे. ...हो. नव्या इमारतीचं काय ते तुम्ही ठरवा. आता तिथे पाठवावं असं माझ्यात काय आहे, ते मला सांगता येणार नाही." मग संचालिकाबाई म्हणाल्या की लेखी द्या. ती म्हणाली, देते.

रिसीव्हर ठेवला. चष्मा पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि ते तिला सोसेना. "पेशंटला वर पाठव," ती त्याला म्हणाली. "पण मॅडम, सरांना अजून—" "झालाय ना तुझा फोन एकदा?" त्याने चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "झालाय." मुकादम खाकरला. काहीतरी विनोद करणार होता, पण पडद्याकडे वळला. ती खुर्चीत बसली. टेबलावर तिचे दोन हात पडले होते. कुठे ठेवावेत कळेना, म्हणून तिने ते मांडीवर घेतले, एकावर एक. आईचे असेच असायचे, ढीग संपल्यावर.

तेवढ्यात लाल फोन वाजला, अपघात विभागाचा. सिस्टर, मुकादम, चष्मा, कुणीही उचलला असता. गोलाला मध्य नसतो. सिस्टरने उचलला. ऐकलं. मग फोनची वायर ताणून, एक पाय जपत, तिच्या टेबलापर्यंत आली आणि रिसीव्हर तिच्यासमोर धरला.

"घ्या मॅडम," ती म्हणाली. "हा पहिलाच आहे."